आठ दिवसांचं दुकान

आमच्या यज्ञेशचं कसं चाललंय हे मला दुपारच्या चहाला कळायचं. साडेतीनला त्याचा बाजार बंद झाला की तो वरच्या खोलीतून खाली यायचा. "अव्वा, चहा" म्हणाला की समजायचं, पैसे गेले. "अव्वा, शिरा कर" म्हणाला की समजायचं, आले. दोन वर्षांत शिरा अकरा वेळा झाला. रवा मी पावशेरच आणून ठेवायचे.

यज्ञेश माझ्या लेकाचा लेक. आम्ही मूळचे निलंग्याकडचे लिंगायत. तिकडं कानडी मुलूख शेजारी, म्हणून घरात मला लहानथोर सगळेच अव्वा म्हणतात. लातुरात येऊन पन्नास वर्षं झाली. लेक गुरुबसप्पा झेडपीच्या शाळेत मास्तर. यज्ञेशनं नांदेडला राहून इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, अन् एक दिवस बॅग घेऊन दारात उभा. म्हणाला, "अव्वा, लई दिवस दुसऱ्याचं काम करून राहिलो. आता स्वतःचं करतो."

मला आनंद झाला. वाटलं, पोरगं दुकान टाकतंय. त्यानं टेबल टाकलं, अन् त्याच्यावर दोन टीव्ही. त्या टीव्हीत लाल-हिरव्या मेणबत्त्या उभ्या असायच्या, अन् तो त्यांच्याकडं असा बघायचा, जशी मी उतू जाणाऱ्या दुधाकडं बघते.

"काय घेतोस रे सकाळी?" मी एकदा विचारलं.

"घेत काही न्हाई अव्वा. भाव वर जाईल का खाली, त्याच्यावर लावतो. साडेतीनच्या आत विकून मोकळं."

"मग माल कुठं ठेवतोस?"

"माल नसतोच."

"मग इकतोस काय?"

"जे घेतलं ते."

मी भाकरी थापायला गेले.

या धंद्यात दहातले नऊ बुडतात, हे तोच मला मोबाईलवर वाचून दाखवायचा. मी म्हणायचे, मग? तो म्हणायचा, मी दहावा. बुडालेले नऊही रोज सकाळी हेच म्हणून टेबलाला बसत असतील, असं मला वाटायचं. पण पोरगं व्यसनी नव्हतं, उधळं नव्हतं. सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, देवापुढं हात जोडून तो त्या मेणबत्त्यांसमोर बसायचा. एवढी भक्ती मी मठातसुद्धा बघितली नाही.

आमच्यात कामाला कायक म्हणतात. हाताला घाम सुटला पाहिजे अन् दुसऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे, ते कायक. घाम तर यज्ञेशला लई सुटायचा. पदरात कुणाच्या काय पडतं, तेवढं काही मला दोन वर्षांत सापडलं नाही.

गुरुबसप्पानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण मास्तर माणूस, गप्प राहवतं का? तो माझ्या तोंडून बोलायचा. तिघं शेजारी जेवायला बसलेलो, मिठाची वाटी यज्ञेशच्या पुढ्यात, अन् हा मला सांगणार, "अव्वा, त्याला म्हणावं, मीठ दे." तोही मलाच विचारणार, "अव्वा, त्यांना म्हणावं, बास का?" मीठ माझ्या ताटावरून जायचं.

अशात नांदेडचं स्थळ आलं. आलं म्हणजे काय, यज्ञेशनंच आणलं. मुलगी मनस्विनी, आमच्यातलीच. कॉलेजात असताना दोघांची ओळख. आता ती नांदेडच्या एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून देते. माझे दोन्ही गुडघे तेव्हाच तिच्या बाजूनं झाले. पण त्या घरात शब्द चालायचा आजोबांचा, गुरुपादप्पांचा. ट्रेझरीतून रिटायर झालेले, कडक माणूस. अन् नातजावई कायक करणाराच पाहिजे, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं.

मनस्विनीनं यज्ञेशला बजावलं होतं, "आजोबा विचारतील. खरं काय ते सांग. ते न्हाई म्हणाले तर मी बघते त्यांच्याकडं. पण खोटं बोललास, तर मीच न्हाई म्हणते."

तो सोमवार होता. आम्ही तिघं एसटीनं निघालो. सूनही मास्तरीण, तिच्या शाळेच्या परीक्षेत अडकलेली, ती घरीच. मुलगी बघायला मोकळ्या हातानं जात नाहीत, म्हणून मी पंचवीस कडक भाकरी अन् डबाभर शेंगाची चटणी घेतली होती. कडक भाकरी पापडासारखी पातळ. धक्का लागला की तुकडे. म्हणून ते गाठोडं मी नातवासारखं मांडीवर घेतलं होतं. खरा नातू अहमदपूरपर्यंत उभा होता. त्याचा फोन मी सकाळीच काढून माझ्या कमरेच्या चंचीत बांधला होता. तो लोह्यापर्यंत तिथं गुरगुरत होता.

गुरुपादप्पा उंचेपुरे, कपाळभर विभूती. "शरणार्थ" म्हणून बसवलं, पाणी दिलं. पण त्यांचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं. दर पाच मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. तीनदा उठले, तीनदा म्हणाले, "जरा गोळी घेऊन येतो," अन् आत गेले. मला वाटलं, बीपी असंल. सव्वातीनला तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा तोंड उतरलेलं, कपाळावरची विभूती घामानं ओली. बसले न बसले तोच यज्ञेशवर डाफरले, "बरं, पोरा. कायक कोणतं तुझं?"

यज्ञेश पुढं सरकून बसला. "अप्पा, खरं सांगतो. मी..."

दाराआड मनस्विनी उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले. अन् मी त्या म्हाताऱ्याचं तोंड बघितलं. एवढ्या चिडलेल्या माणसाला आत्ता 'माल नसतोच' हे कसं सांगावं? माझा हात भाकरीच्या गाठोड्यावर होता. तोंड आपोआप उघडलं.

"भाकरीचं दुकान हाय त्याचं!"

गुरुबसप्पाच्या हातातली बशी वाजली. यज्ञेशचं तोंड उघडं ते उघडंच. मी मात्र आता थांबणार होते का? "लातुरात. कडक भाकरी. ह्या त्याच्याच दुकानातल्या."

गुरुपादप्पांनी एक भाकरी उचलली. नखानं टिचकी मारली, टण्ण वाजली. मोडली, चटणीला लावली, खाल्ली. तेवढ्यात घड्याळात साडेतीन झाले. काय नवल सांगू, म्हाताऱ्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, जसं कुणी डोक्यावरचं पोतं उतरवून घेतलं.

"अशी भाकरी माझ्या आईच्या हातची होती," ते म्हणाले. "आक्का, पुढच्या सोमवारी येतो मी लातूरला. दुकान बघतो, अन् तिथंच बोलणं पक्कं करू."

निघताना मनस्विनी यज्ञेशला एवढंच म्हणाली, "दुकान?"

परतीच्या बसमध्ये यज्ञेशनं फोन मागून घेतला, मनस्विनीचा मेसेज वाचला अन् रडायच्या बेताला आला. "अव्वा, तू माझं लग्न मोडलंस. ती म्हणून राहिली, सोमवारी आजोबांसमोर तू स्वतः सगळं सांगायचं. दुकान असो की नसो."

"सांग की. खोटं बोलले मी, तू न्हाईस. तू तर नुसता तोंड उघडून बसला होतास. आता माझ्या जिभेची लाज राख. सोमवारपर्यंत ते खरं करून दाखव."

"आठ दिवसांत दुकान?"

पुढच्या सीटवरून गुरुबसप्पा मान न वळवता बोलला, "अव्वा, त्याला म्हणावं, तवे दोन लागतील."

घराची रस्त्याकडची, सायकली ठेवायची खोली आम्ही मंगळवारी रिकामी केली. जवळच्या मुरुडहून ज्वारी आणली, दळली. शेजारच्या गंगम्माला हाताखाली घेतलं. हाताखाली कसली, तिनंच आम्हाला हाताखाली घेतलं. गंगम्माची भाकरी कडक अन् जीभ तिच्याहून कडक. यज्ञेश पहिल्याच दिवशी बोटं भाजून घेऊन म्हणाला, "मावशी, यात सुट्टी कधी असते? तिकडं शनिवार-रविवार बंद असायचं." ती म्हणाली, "पोटाला शनिवार असतो का रे?"

बुधवारी दुकान उघडलं. साठ भाकरी. यज्ञेशनं बाहेर पाटी लावली: बारा रुपये. आमच्या गल्लीच्या मागंच ट्यूशनचा भाग, पोरं सारखी येत-जात असतात. चार पोरं उभी राहिली, की यानं बारा पुसून पंधरा लिहिलं. दहा झाली, की अठरा. एक बाई म्हणाली, "आत्ता तर पंधरा होतं?" हा म्हणाला, "डिमांड वाढली, काकू." काकू गेली. तिच्या मागं दोघी गेल्या. दुपारी कुणी फिरकेना, तसा भाव उतरायला लागला. अकरा. नऊ. तीन वाजता सात. सव्वातीनला हा पाटी हातात घेऊन रस्त्यावर उभा, "चार रुपये! चार रुपये!"

गंगम्मा पिठाच्या हातानं बाहेर धावली. "अरे काय लागलं तुला? भाकरी नासून राहिली का?"

"माल रात्रीला ठेवायचा नसतो, मावशी. रिस्क असते."

"कसली रिस्क? उंदराची?"

गुरुवारी सकाळी एक गिऱ्हाईक नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी मात्र तीस पोरं रांगेत उभी. त्यांना कळलं होतं की या दुकानात भाव साडेतीनला पडतो. दोन दिवसांत आम्ही दोनशे बारा रुपयांनी आत गेलो. यज्ञेश पाटी पुसत म्हणाला, "मार्केटच खराब आहे."

मी उठले. एक भाकरी घेतली, अन् तिनं त्याच्या कपाळावर हळूच टकटक केलं.

"ही काय हाय?"

"भाकरी."

"कसली?"

"कडक."

"कडक कशाला करतात? महिनाभर राहावी म्हणून. आज इकली न्हाई तर उद्या इकल. उद्या न्हाई तर परवा. आपल्या बायका एवढ्या इस्तवापाशी बसून ती कडक करतात, ती काय साडेतीनला फुकून टाकायला? तुला कुणी सांगितलं दुपारी दिवस बुडतो म्हणून?"

तो भाकरीकडं बघत राहिला. दोन वर्षं माझ्या घरात, माझ्या ताटात, रोज खात होता. पण पहिल्यांदा बघत होता.

"म्हणजे," तो हळू म्हणाला, "होल्ड करायचं?"

"हाव. तुझ्या भाषेत जे काय असंल ते."

शुक्रवारी पाटीवर बारा लिहिलं, अन् ते पुसायला फडकंच ठेवलं नाही. दहाचा पुडा बांधला. किनवटकडची एक मुलगी आली. होस्टेलात राहून डॉक्टरकीची परीक्षा देणारी. म्हणाली, "आईनं दिलेल्या भाकरी संपल्या. ह्या परीक्षेपर्यंत टिकतील?" यज्ञेश छाती काढून म्हणाला, "महिनाभर. लिहून देतो." तिनं तीन पुडे नेले, अन् संध्याकाळी सगळं होस्टेल घेऊन आली. शनिवारी गंगम्मानं मजुरी वाढवून मागितली. रविवारी एक घाणा करपला अन् मुरुडचं ज्वारीचं पोतं खड्याचं निघालं. यज्ञेश फोनवर असा भांडला की मला वाटलं, आता हा खरा दुकानदार झाला. धंदा म्हणजे काही शिरा नाही बाबा. पण रविवारी रात्रीचं देणंघेणं फेडून, पहिले दोनशे बारा भरून काढून, डब्यात आठशे चाळीस रुपये होते, अन् सोमवारी सकाळी बघितलं तरी आठशे चाळीसच होते. यज्ञेश डबा दोनदा उघडून बघून आला. त्याला सवयच नव्हती.

"अव्वा," तो म्हणाला, "शुक्रवारी मार्केट कधी उघडलं अन् कधी बंद झालं, मला कळलंसुद्धा न्हाई."

"मग कसं वाटलं?"

"बोटं लई दुखली."

सोमवारी दोनला गुरुपादप्पा आले. सोबत मनस्विनी. तिनं यज्ञेशची भाजलेली बोटं बघितली अन् तिची नजर जरा निवली. म्हाताऱ्यानं दुकान कसं बघावं? भाकरीला टिचकी मारली, पिठात बोट घातलं, गंगम्माला विचारलं, "रोजच्या रोज पैसे मिळतात का बाई?" ती म्हणाली, "न्हाई दिले तर मी ठेवीन का याला?" म्हातारा खूश.

पण तीन वाजले, अन् त्यांचं परत तेच सुरू झालं. घड्याळाकडं बघणं, कपाळ पुसणं. तीन वाजून दहा मिनिटांनी उठले. "आक्का, जरा गोळी घ्यायची होती."

"परसात मोकळी हवा हाय," मी म्हटलं. ते गेले. गोळीला पाणी नको का, म्हणून मी तांब्या घेऊन मागं गेले.

शेवग्याखाली गुरुपादप्पा पाठमोरे उभे. फोन नाकाला लावलेला. अंगठा वरखाली चालला होता. फोनमध्ये काय होतं, ते मला चष्म्याशिवाय ओळखू आलं. दोन वर्षं बघत होते मी त्या मेणबत्त्या.

"अप्पा," मी हळूच म्हटलं, "गोळी लाल हाय का हिरवी?"

फोन हौदात पडता पडता वाचला. "आक्का! हळू बोला!"

"कधीपासून घेता?"

"रिटायर झालो तेव्हापासून." म्हातारा हौदाच्या कठड्यावर बसला. एवढा उंच माणूस, पण बसल्यावर शाळेतल्या पोरासारखा दिसायला लागला. "घरात कुणाला माहीत न्हाई. मनूला कळलं तर माझ्याशी बोलणार न्हाई ती. म्हणून तर म्हटलं, निदान नातजावई तरी हाताचं काम करणारा आणावा."

मला अस्सं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. हुकमाचं पान माझ्या हातात! आता यज्ञेशनं तोंड उघडायची गरजच नव्हती. त्याला गप्प राहायची खूण करावी म्हणून मी तांब्या सांडत सांडत पुढं धावले. गुडघे दुखल्याचं आठवलंसुद्धा नाही. गुरुपादप्पा माझ्या मागोमाग.

पण पोरगं दुकानाच्या मधोमध उभं होतं, हात बांधून. मी डोळे मिचकावले. मान हलवली. शेवटी पायानं ढोसलं. त्यानं बघितलंच नाही.

"अप्पा, बसा. अव्वा तुमच्याशी खोटं बोलली होती. हे दुकान मागच्या बुधवारचं आहे. त्याच्याआधी दोन वर्षं मी ट्रेडिंग करत होतो. एक लाख शहाऐंशी हजार गेले. तुम्ही न्हाई म्हणालात तरी दुकान चालू ठेवणार आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला तुमचा होकार नको."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. मनस्विनीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं. गुरुबसप्पा भिंतीला टेकला.

गुरुपादप्पा यज्ञेशकडं बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडून, अगदी मनापासून, कौतुकानं निघालं:

"फक्त?"

"फक्त म्हणजे?" मनस्विनी वळली. "फक्त म्हणजे काय, आजोबा?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघितलं.

गुरुपादप्पांनी खिशातला फोन काढला अन् भाकरीच्या पुड्याशेजारी ठेवला. "चार लाख दहा हजार," ते जमिनीला सांगावं तसं बोलले.

गंगम्मानं कपाळावर हात मारला. पिठाची पाच बोटं उमटली. "आगं माय! एका दुकानात दोन दोन!"

तेवढ्यात घड्याळात साडेतीनचा ठोका पडला. अन् यज्ञेश अन् गुरुपादप्पा, दोघांनी एकदम, एका दोरीनं ओढल्यासारख्या, माना वर करून घड्याळाकडं बघितलं.

मनस्विनीनं ते बघितलं. तिचे ओठ थरथरले. मला वाटलं, आता रडते. ती ज्वारीच्या पोत्यावर बसली अन् हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मग गंगम्मा हसली, मग मी, मग म्हातारा गदागदा. गुरुबसप्पा डोळे पुसत म्हणाला, "यज्ञेश, पाणी आण तिला."

यज्ञेश जागच्या जागी थिजला. "मला म्हणालात, पप्पा?"

"मग काय अव्वाला? आण लवकर!"

पाणी पिऊन झाल्यावर मनस्विनीनं हात पुढं केला. "दोघांचे फोन."

दोन्ही फोनमधलं ते सगळं तिनं आमच्यासमोर काढून टाकलं. गुरुपादप्पा वाकून वाकून बघत होते. "मनू, उद्याचा एकच दिवस..."

"आजोबा."

"बरं."

मग ते माझ्याकडं वळले, आवाज जरा कडक करून. "आक्का, तुम्ही मला खोटं सांगितलं."

"हाव. अन् तुम्ही मला गोळी सांगितली."

साखरपुडा पुढच्या महिन्यात, नांदेडला ठरला. निघताना गुरुपादप्पांनी शंभर भाकरी बांधून घेतल्या, रोख पैसे मोजून. म्हणाले, पेन्शनवाले मित्र सकाळी बागेत भेटतात, त्यांना इकतो. हाताला काहीतरी काम पाहिजे, आक्का, न्हाईतर अंगठा खाजतो.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. घड्याळात बघितलं, तीन वाजून पंचवीस मिनिटं. आवाज घाबराघुबरा.

"आक्का, सदतीस गेल्या. त्रेसष्ट तशाच पडून! काय करू? चार रुपयांनी काढून टाकू का?"

मी सरळ उठले. तव्यापाशी बसलेल्या यज्ञेशच्या हातात फोन दिला. "घे रे. तुझा पेशंट हाय."

त्यानं पिठाचे हात धोतरासारख्या नेसलेल्या टॉवेलला पुसले, फोन कानाला लावला, एक भाकरी उचलून तिला टिचकी मारली, म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशी, टण्ण.

"अप्पा," तो म्हणाला, "बसा आधी. पाणी प्या. अन् होल्ड करा."